उसनी मावशी

११ जानेवारी

अक्का,

नमस्कार मागाहून, आधी भांडण. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. औषधांच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "पत्रं हातात दिली, बाई ठणठणीत आहेत, उलट मलाच दम भरला त्यांनी." म्हणजे जिवंत आहेस. मग चार ओळी खरडायला काय झालं? इथे रेडिओवर तुमच्या शहराचं नाव आलं की माझ्या हातातलं काम हातात राहतं. आज बाजारावर गोळे पडले, आज पाण्याची टाकी फुटली, आणि त्या सगळ्यात माझी सख्खी बहीण तिसऱ्या मजल्यावर एकटी. भावोजी गेले, तुझं टेलिफोन ऑफिस बंद पडलं, शेजारी घरं सोडून गेले. आता तिथे कुणासाठी राहिलीस? भिंतींसाठी?

ऐक. तुझा परवाना झालाय, सोबत पाठवतेय. कचेरीत खेटे घालून माझ्या चपला झिजल्या, पण झाला. फेब्रुवारीअखेरपर्यंतच चालेल आणि पुन्हा मिळेल असं कुणी छातीठोक सांगत नाही. हाच ड्रायव्हर परतताना तुला पुढच्या सीटवर बसवून आणील. वरची खोली झाडून ठेवलीय. आमचे मास्तर बरे आहेत, घरातच असतात.

ये, अक्का. मला तू हवी आहेस, एवढं कळलं तरी पुरे.

तुझी ठमी


२४ जानेवारी

ठमे,

भांडण पोचलं. परवानाही पोचला, तो उशीखाली ठेवलाय. येणार नाही असं मी म्हणत नाही. पण लगेच नाही, कारण मला नोकरी लागलीय. हसू नकोस. पगार नाही, पण नोकरी आहे.

इथे एक हॉस्पिटल आहे, नुसतं जखमींचं. गोळी लागली, स्फोटात सापडला, अंगावर घर पडलं, की माणसाला तिथे नेतात. देणग्यांवर चालतं. तू कुठल्या बाजूचा हे कुणी विचारत नाही आणि जाताना बिलही देत नाही. जागा म्हणजे सफरचंदांचं जुनं शीतगृह. भिंती हातभर जाड आणि खिडकी औषधालासुद्धा नाही, म्हणून तर ती निवडली. अजून सफरचंदांचा वास येतो, आणि गारठा असा की बोलताना दात वाजतात. मी जुन्या चादरी द्यायला गेले होते. तिथल्या मोठ्या सिस्टरनी विचारलं, घरी कुणी वाट बघतंय का? नाही म्हटलं. मग बसा म्हणाल्या.

इथे कितीतरी जखमी एकटेच येतात. घरचे मेलेले, पळालेले, नाहीतर कुठे आहेत ते ठाऊक नाही. ज्याच्या खाटेपाशी आपलं माणूस असतं तो लवकर उठतो, असं मोठ्या सिस्टरचं म्हणणं. मग नसेल तर उसनं द्यायचं. आम्हाला उसने नातेवाईक म्हणतात. त्या खाट दाखवतात आणि नातं सांगतात: तुम्ही याच्या आजी, तुम्ही हिचे काका. खांद्यावर पिवळी फीत लावायची, म्हणजे डॉक्टरांना कळतं की हे माणूस उसनं आहे. भरवायचं, अंग पुसायचं, हात धरून बोलत बसायचं. निर्णय मात्र कुठलाही घ्यायचा नाही. तो नियम फार कडक.

मला एका वायरमनची मावशी केलंय. तुटलेल्या तारा जोडायला खांबावर चढला होता आणि खाली स्फोट झाला. पंचविशीचा असेल. शुद्धीवर नाही. मी जन्मभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं आणि स्वतः मध्ये बोलायची बंदी. तो सगळा तुंबलेला साठा आता त्याच्या कानात ओततेय. लहानपणी तू रुसून कपड्यांच्या टोपलीत जाऊन झोपलीस आणि सगळी गल्ली तुला शोधत विहिरीत डोकावत होती, ते सांगितलं. तेव्हा त्याचं बोट हललं. तुझी फजिती ऐकून हसला असेल.

खरं सांगू? हे गेल्यापासून मला कुणी नात्यानं हाक मारली नव्हती. इथे झाडूवालासुद्धा "मावशी, जरा पाय वर" म्हणतो. बरं वाटतं गं.

तुझे नवरोबा मास्तर कसे आहेत? अजून माझ्या चहाला नावं ठेवतात का?

अक्का


५ फेब्रुवारी

अक्का,

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! स्वतःचा जीव सांभाळायची मारामार, आणि तू परक्याची मावशी होऊन बसलीस. पण रागावले नाही. पत्र मास्तरांनाही वाचून दाखवलं. टोपलीच्या गोष्टीला पोट धरून हसले. मग विचारलं, "ती मुलगी पुढे सापडली का?"

मास्तर हल्ली फार अदबीनं वागतात. मी खोलीत गेले की उठून खुर्ची देतात. मला "अहो बाई" म्हणतात. परवा म्हणाले, "बाई, तुम्ही चहा फार छान करता. तुमच्या घरी कोण कोण असतं?" नव्या माणसांशी बोलायला त्यांना आवडतं. एकूण आमचं ठीक चाललंय, फक्त दिवस सरता सरत नाही.

तो वायरमन उठला की तू निघ. महिना काय, बघता बघता संपेल.

ठमी


१४ फेब्रुवारी

ठमे,

मास्तर म्हातारपणी रसिक झाले म्हणायचे! लग्नात आख्ख्या दिवसात दोन वाक्यं बोलले होते, त्यातलं एक "पाणी द्या." आणि आता "अहो बाई, तुमच्या घरी कोण असतं"? नाटकात काम करायला घ्या म्हणावं. दृष्ट लागेल हो तुमच्या संसाराला.

माझं हसणं एवढंच. पुढचं वाच.

गेल्या आठवड्यात एक दिवस गारठा फार होता, म्हणून मी फितीवरून शाल गुंडाळून बसले होते. वायरमनचा पाय काळा पडत चालला होता. दुपारी एक नवा डॉक्टर आला, आदल्याच दिवशी रुजू झालेला. त्यानं विचारलं, "तुम्ही याच्या कोण?" मी म्हटलं, "मावशी." दुसरं काय म्हणणार? रोज तेच तर म्हणत होते. तो म्हणाला, "विष वर चढतंय. गुडघ्याखाली पाय काढला नाही तर हा हाती लागणार नाही. काढू?"

ज्याचं कुणी नाही त्याचा निर्णय दोन डॉक्टरांनी मिळून घ्यायचा, असा इथला नियम. दुसरे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. मी शाल बाजूला करून फीत दाखवायला हवी होती, बस्स. मी म्हटलं, "काढा. पण पोरगा वाचवा." शप्पथ सांगते, त्या वेळी मला माझी फीत आठवलीच नाही. मला वाटलं, मी त्याची मावशी आहे.

वाचला. शुद्धीवर आला, पांघरुणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणी हो म्हटलं?"

"मी."

"तुम्ही कोण?"

ठमे, इतके दिवस त्याच्याशी बोलत होते, आणि आता त्याला फीत दाखवली. तो म्हणाला, "मी खांबावर चढून पोट भरतो. आता काय, खाली उभा राहून तारा मोजू? ह्या बाईंना इथून न्या."

मोठ्या सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि मी फीत काढून दिली. म्हणाल्या, "पाय जाणारच होता. पण आज तुमचं खपवून घेतलं, तर उद्या दुसऱ्या कुणाचा नको तो पाय जाईल." बरोबर आहे त्यांचं.

आता घरी बसून असते. तीन मजले चढून यायचं, कुलूप काढायचं, आणि जिभेला काही काम नाही. काल कॅलेंडरवरची तारीख मोठ्यानं वाचली, आवाज आहे का बघायला.

मी येते, ठमे. महिनाअखेरच्या ट्रकनं येते.

अक्का


१९ फेब्रुवारी

अक्का,

येतेस! पत्र वाचून मी अंगणात एक फेरी मारून आले, उगाचच. खोलीला नवा पडदा लावलाय. उशी मऊ हवी की कडक ते कळव. नको कळवूस, दोन्ही ठेवते.

त्या पोराचं मनाला लावून घेऊ नकोस. जीव वाचला की माणसाला रुसायला सुचतं.

आलीस की तुला एक सांगायचंय. पत्रात लिहिण्यासारखं नाही. समोर बसून सांगेन.

ठमी


२८ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र घेऊन ट्रक येईल तेव्हा तू आधी पुढच्या सीटकडे बघशील आणि मग ड्रायव्हरकडे. त्याला बोलू नकोस. त्यानं बिचाऱ्यानं खाली उभं राहून खूप वेळ हॉर्न वाजवला.

झालं असं. माझं बोचकं बांधून तयार होतं आणि मोठ्या सिस्टर स्वतः तीन जिने चढून आल्या. म्हणाल्या, वायरमन काही केल्या उभा राहत नाही. चालायला शिकवायला दोन आडव्या दांड्या लावल्यात, त्यांच्या मध्ये उभा केला की खाली बसतो. जेवण भिंतीवर फेकतो. आज म्हणाला, त्या बाईंना बोलवा, मला त्यांना चार शब्द ऐकवायचेत. "येता का?" मी म्हटलं, मला ट्रक गाठायचाय. आणि चपला घालून त्यांच्यामागे जिना उतरले.

मी दांड्यांच्या ह्या टोकाला, तो त्या टोकाला. म्हणाला, "जवळ या." मी म्हटलं, "तू ये. शिव्या द्यायच्यात ना? टेलिफोन लावून लावून माझे कान गेलेत, इतक्या लांबून ऐकू येत नाही." ठमे, तो आला! एका पायावर, हातांनी दांड्या आवळत, घामाघूम, आणि दर पावलाला एक शिवी. काही तर मी टेलिफोनवर इतकी वर्षं काढूनसुद्धा ऐकल्या नव्हत्या. मध्यावर पडला. कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः उठला. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा शिव्या संपल्या होत्या, नुसता धापा टाकत होता. म्हणाला, "उद्या येणार का?"

मी हो म्हटलं. पुन्हा एकदा, कुणाला न विचारता, माझ्या हक्काचं नसलेलं हो.

फीत परत मिळालेली नाही. त्याची मी कुणी नाही, फक्त रोज शिव्या खायला जाईन. परवाना आज संपतोय, कळतंय मला. तू चिडशील तेही कळतंय. पण तुझ्याकडे मास्तर आहेत, ठमे. खुर्ची देणारे, चहाचं कौतुक करणारे. ह्याच्याकडे कुण्णी नाही. तो कुबड्यांवर नीट चालू लागला की मी नव्या परवान्याच्या मागे लागते, तुझ्यासारख्याच चपला झिजवते.

आणि ते "एक सांगायचंय" काय होतं? मास्तरांनी गाणं शिकायला घेतलं की काय? लिहून टाक. इथे हसायला काहीतरी हवंय.

अक्का


९ मार्च

अक्का,

हस. मास्तर मला ओळखत नाहीत.

वर्ष होऊन गेलं. आधी किल्ल्या विसरायचे, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं. मग एका सकाळी चहा घेऊन गेले तर उठून उभे राहिले. "बसा ना बाई. आपण कुणाकडे आलात?" मलाही थट्टाच वाटली, तुझ्यासारखी. मी हसलेसुद्धा.

रोज सांगते, मी तुमची बायको. ते घाबरतात. म्हणतात, "असं काय बोलता, माझी बायको तरुण आहे." लग्नातला फोटो दाखवला तर त्यातल्या मुलीला ओळखतात, मला नाही. घरात परकी बाई आहे म्हणून झोपताना खोलीला आतून कडी लावतात. मी स्वयंपाकघरात पथारी टाकते. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, तुम्ही धीर धरा. धीर काय, मी कधीपासून दुसरं काही धरलेलंच नाही.

तुला का नाही लिहिलं? तुझ्या डोक्यावर गोळे पडत असताना मी काय लिहू, की नवरा मला "अहो बाई" म्हणतो? आणि दुसरं कारण असं, की सांगितलं असतं तर तू कर्तव्य म्हणून आली असतीस. मला तू हौसेनं यायला हवी होतीस. तू यायचीस आणि फाटकातूनच "ठमे" म्हणून ओरडायचीस. त्या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नाही. मास्तरही मारायचे.

त्या दिवशी ट्रक आला तेव्हा मी फाटकात उभी होते. ड्रायव्हर माझ्याकडे न बघता उतरला आणि मला कळलं.

तू लिहितेस, माझ्याकडे मास्तर आहेत. तू एका परक्याला माणूस दिलंस, अक्का, आणि ते माझं होतं. असं लिहू नये. पण लिहिलंय, आणि खोडणार नाही.

ठमी


२ एप्रिल

ठमे, ठमे, ठमे.

कागदावर का होईना, हाक मारली.

तुझं पत्र पुलापलीकडे अडकून पडलं होतं. पूल उडवलाय. आता ट्रक येत नाही. डोंगरातून चार-पाच जण पाठीवर औषधं आणतात, त्यांच्याच हाती हे देतेय. मी त्यांना विचारलं, मलाही न्याल का? त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि विषय बदलला. दुसऱ्या कुठल्या वाटेनं सोडतात का म्हणून कचेरीत दिवसभर रांग धरली. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, वाट असती तर मी इथे बसलो असतो का?"

मी चुकले. तुझ्या पत्रांत सगळं होतं. "ती मुलगी पुढे सापडली का?" तू ते वाक्य कशी लिहू शकलीस गं? आणि मी ते वाचून हसले. परक्या माणसाचं बोट हललेलं मला दिसलं, आणि माझी सख्खी बहीण ओळीओळीत हात हलवत होती ती नाही दिसली. मला क्षमा करू नकोस एवढ्यात. मीच केलेली नाही.

वायरमन गेला. मी कचेरीच्या रांगेत होते त्याच दिवशी त्याचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. भाऊ होता त्याला! इतके दिवस निर्वासितांच्या छावण्यांत याला शोधत होता. मी मोठ्या सिस्टरना विचारलं, काही निरोप ठेवला का? त्या म्हणाल्या, "फार घाईत होते हो." मी पण म्हटलं, असणारच. घरी येऊन खूप रडले. त्याच्यासाठी की तुझ्यासाठी ते वेगळं काढता येत नव्हतं.

आता लांबून तुला देण्यासारखं एकच आहे, आणि ते मला त्या शिव्या खाताना कळलं. मी "मावशी" म्हणून त्याच्यावर हक्क गाजवला, तेव्हा त्यानं मला हाकलून लावलं. मी कुणी नाही म्हटल्यावर चालायला लागला. तू मास्तरांना रोज सांगतेस, मी तुमची बायको. रोज ते घाबरतात आणि रोज तू हरतेस. सांगू नकोस. "आपण कोण?" म्हणाले तर तूच उलट विचार, तुम्हाला कोण हवंय? आणि ते म्हणतील ती हो.

याने ते बरे होणार नाहीत. तुला लिहिताना माझाच जीव तुटतोय. पण करून बघ.

मी हॉस्पिटलची फरशी पुसायला जाते. फीत नाही, म्हणून कुणाच्या खाटेपाशी थांबत नाही.

अक्का


२१ एप्रिल

अक्का,

पत्र मिळालं. आणणाऱ्या माणसाच्या खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते. त्याला पोटभर जेवू घातलं. माझा राग गेलेला नाही. राहू दे थोडा, तेवढीच सोबत.

पूल होईल तेव्हा ये. आता हौसेनं नको, कर्तव्य म्हणून ये, चुकून ये, कशीही ये.

तुझं सांगणं वाचून आधी तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभराच्या संसारानंतर मी माझ्याच घरात उसनी व्हायचं? कितीतरी दिवस केलं नाही. काल केलं. काल मी थकले होते.

दुपारी ते खिडकीशी बसले होते. मी चहा ठेवला. नेहमीसारखे उठून उभे राहिले. "अहो बाई, आपण कोण?"

मी म्हटलं, "तुम्हाला कोण हवंय?"

त्यांना कुणी असं विचारलंच नव्हतं बहुतेक. खाली बसले. वर्गात एखाद्या मुलानं अवघड प्रश्न विचारला की ओठावर बोट ठेवून विचार करायचे, तसा केला. मग दाराकडे बघून म्हणाले, "माझी बायको बाहेर गेलीय. बराच वेळ झाला. ती येईपर्यंत कुणी बसलं तर बरं होईल."

मी बसले.

मग ते बोलले, अक्का. किती महिन्यांनी एवढं बोलले! ती गाते, पण कुणी ऐकतंय म्हटलं की गप्प होते. ती रागावली की भांडी घासायला घेते, घासलेलीसुद्धा. मी विचारलं, "फार रागीट आहेत का?" म्हणाले, "नाही हो. मीच कमी बोलतो. तिला एक सांगायचं राहून गेलंय. आली की आज सांगणार आहे."

"काय सांगणार?" मी विचारलं.

ते लाजले. "ते तुम्हाला कसं सांगू, बाई? ते तिलाच सांगेन."

मी खूप आग्रह केला. मी तिला निरोप देईन म्हटलं. नाही म्हणाले. सभ्य माणूस आहे, परक्या बाईला सांगेल कसा?

दिवे लागले तशी मी उठले. तर म्हणाले, "निघालात? घरी वाट बघत असतील तुमची."

मी म्हटलं, "नाही. कुणी नाही."

"मग थांबा की. ती येईलच एवढ्यात. तिघं मिळून जेवू."

मी आत गेले आणि तीन ताटं घेतली.

तुझी ठमी